‘नाहीतर’ कुणाचं?

माझ्या वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण देहूरोडच्या लष्करी डेपोत सुटे भाग हुडकून द्यायला त्यांच्याइतका पटाईत माणूस दुसरा नव्हता. बासष्ट साली लढाई सुरू झाली तेव्हा मी नववीत होते. डेपोच्या फाटकाबाहेर ट्रकांची रांग लागायची, कारकून आतून वस्तूचं नाव ओरडायचा आणि मजूर फळ्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाचत मागे-पुढे पळायचे. वडिलांना चिठ्ठ्यांचा उपयोग नव्हता. त्यांनी स्वतःची एक रीत काढली होती. एखादा खोका मागितला गेला की काम झाल्यावर तो जुन्या जागी न ठेवता दाराजवळच्या पहिल्या फळीवर ठेवायचा आणि बाकीचे एकेक घर मागे सरकवायचे. आठवडाभरात रोज लागणाऱ्या वस्तू आपोआप दाराशी गोळा झाल्या. कारकून चिडला, सगळी मांडणी बिघडवली म्हणाला. पण वरच्या अधिकाऱ्यानं घड्याळ लावून पाहिलं आणि वडिलांची रांग तशीच ठेवायला सांगितली.

वडिलांनी हे घरी सांगितलं तेव्हा मी विचारलं, “पण कुणी अगदी मागं गेलेली वस्तू मागितली तर?”

“तर चालायचं मागपर्यंत,” ते म्हणाले. “पण ती रोज कोण मागतंय?”

मला ते उत्तर फार आवडलं. शाळेच्या गणितात असं कधी भेटलं नव्हतं, की थोड्या वेळा तोटा सोसला तर एकंदरीत फायदाच होतो. पुढे बऱ्याच वर्षांनी एका परदेशी नियतकालिकात हीच रीत सूत्रं मांडून सिद्ध केलेली मी वाचली. त्या रविवारी वडिलांना सांगितलं, तर ते शांतपणे म्हणाले, “त्यांच्याकडंबी डेपो असंल.”

मी गणित घेऊन पदवीधर झाले. रोज सकाळी शटल रेल्वेनं पुण्याला जायचं आणि दुपारी परतायचं. आमच्या वस्तीतून कॉलेजात जाणारी मी पहिली मुलगी. आई विहारात गेली की बायका तिला विचारायच्या, “पोरगी शिकून काय होणार?” आईला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. शिक्षिका होईन असं सगळे धरून चालले होते. तेवढ्यात चिंचवडच्या एका कारखान्यात पंच ऑपरेटर हव्यात अशी जाहिरात आली. कारखाना ट्रकचे गिअरबॉक्स बनवायचा. पंच ऑपरेटर म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं, मी टायपिस्टसारखं काही असेल असं समजून गेले. आणि ते तसंच होतं. फरक इतकाच, की कागदावर अक्षर उमटण्याऐवजी पुठ्ठ्याच्या कार्डात भोक पडायचं.

मुलाखत आमच्या खात्याच्या मुख्य साहेबांनी घेतली. जाड चष्म्याचे, कमी बोलणारे गृहस्थ. माझी पदवी पाहून म्हणाले, “या कामाला मॅट्रिक पुरतं. तुम्ही कंटाळाल.”

“कंटाळले तर सांगेन,” मी म्हटलं.

ते हसले नाहीत, पण दुसऱ्या आठवड्यात पत्र आलं.

पंचिंगच्या खोलीत आम्ही सात जणी होतो. यंत्रांचा खडखडाट इतका, की शेजारणीशी बोलायचं तर कानाशी जावं लागे. पहिल्या दिवशी डबा खाताना एकीनं माझं आडनाव विचारलं. मी सांगितल्यावर टेबलावर दोन क्षण कुणी बोललं नाही. मग तिनंच आपल्या डब्यातली कारल्याची भाजी माझ्याकडे सरकवली आणि विचारलं, “कडू चालतं ना?” ती पुढे तीस वर्षं माझी मैत्रीण होती.

काचेच्या भिंतीपलीकडे कॉम्प्युटर होता. भाड्यानं आणलेला, चार कपाटांएवढा, आणि आम्हाला पंखे असताना त्याला थंड हवा. आम्ही कार्डांचे गठ्ठे खिडकीतून आत द्यायचो. आत काय होतं ते बाहेर कुणी सांगत नसे. मी मात्र काचेतून बघत राहायचे.

सगळ्यात मोठं काम महिन्यातून एकदा चाले. पुढच्या महिन्यात इतके गिअरबॉक्स करायचे आहेत, तर त्यासाठी दांडे, चाकं, बेअरिंगं, बोल्ट, वॉशर प्रत्येकी किती लागतील याची यादी काढायची. सकाळी लावलेलं हे काम संध्याकाळी पाचपर्यंत चालायचं. मधेच कार्ड अडकलं तर पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी साहेब कुणाशी बोलत नसत.

तिसऱ्या की चौथ्या महिन्यात छापून आलेले मधले कागद रद्दीत टाकायला माझ्याकडे आले. मी ते चाळत बसले. एक वॉशर होता, त्याचा नंबर मी इतक्या वेळा पंच केला होता, की बोटांना पाठ होता. तो नंबर मला एका पानावर दिसला, दुसऱ्यावर दिसला, मग पुन्हा. मोजलं तर त्याच वॉशरचा हिशोब यंत्रानं एकोणीस वेळा केला होता. एका गिअरबॉक्ससाठी करायचा, विसरायचा, दुसऱ्यासाठी पुन्हा करायचा. आणि दर वेळी सगळ्या भागांची नोंद असलेली टेप सुरुवातीपासून फिरवून तो वॉशर शोधायचा.

मी रद्दी टाकली नाही. पुढचे आठ दिवस कार्डांच्या कोऱ्या पाठीवर आकृत्या काढत होते. वर गिअरबॉक्स, त्याखाली त्याचे मोठे भाग, त्याखाली त्यांचे छोटे भाग. वॉशर कुठे दुसऱ्या पायरीवर होता, कुठे पाचव्या. शेवटी लक्षात आलं, की प्रत्येक भागाला तो जिथं सगळ्यात खाली सापडतो त्या पायरीचा आकडा द्यायचा. वॉशर एके ठिकाणी जरी पाचव्या पायरीवर असला तरी तो पाचवीचाच. मग वरून एकेक पायरी उतरत यायचं. वॉशरपाशी पोचू तोवर ज्या ज्या भागाला तो हवा आहे त्या सगळ्यांनी आपली मागणी नोंदवलेली असणार. त्याला एकदाच हात लावायचा. टेपही तितक्याच वेळा फिरणार, जितक्या पायऱ्या.

मी साहेबांच्या टेबलापाशी गेले. “साहेब, कंटाळले तर सांगेन म्हणाले होते.”

त्यांनी मान वर केली. “नोकरी सोडताय?”

“नाही. महिन्याची यादी लवकर निघू शकते.”

त्यांनी माझी कार्डं उलटसुलट करून पाहिली. पाच मिनिटांनी एक कार्ड बाजूला काढलं. “आणि एखादा भाग चुकून स्वतःच्याच पोटात नोंदला गेला असेल तर? अ मध्ये ब, ब मध्ये क, क मध्ये पुन्हा अ?”

मी बोटानं ती साखळी गिरवून पाहिली. पायऱ्या उतरतच राहिल्या असत्या, शेवट आला नसता.

“उत्तर आणा,” ते म्हणाले, “मग बघू.” आणि टेबलाच्या खणातून यंत्राची जाडजूड माहितीपुस्तिका काढून माझ्या हातात दिली. “हेही वाचा.”

उत्तर सापडायला दोन दिवस लागले: उतरताना वाटेत तोच भाग पुन्हा भेटला, की तिथं थांबायचं आणि तो चूक म्हणून वेगळा छापायचा. पुस्तिका वाचायला दोन महिने लागले. प्रोग्रॅम लिहायला त्याहून जास्त. पंचिंगचं काम सुटलं नव्हतं, मी जेवणाच्या सुट्टीत आणि कंपनीच्या बसमध्ये लिहायचे. पहिल्यांदा चालवला तेव्हा यंत्र दुसऱ्याच पायरीवर थांबून दिवा लावून बसलं. दुसऱ्या वेळी यादी निघाली, पण सगळे आकडे दुप्पट. तिसऱ्या वेळी सकाळी साडेआठला सुरू झालेलं काम जेवणाच्या सुट्टीआधी संपलं. शिवाय एक चूकही निघाली. एक गिअर खरंच स्वतःच्या पोटात नोंदलेला होता, आणि जुन्या प्रोग्रॅमनं तो कित्येक महिने गुपचूप गाळलेला होता.

साहेबांनी नवी आणि जुनी यादी शेजारी ठेवून प्रत्येक ओळ तपासली. मग चष्मा काढून पुसला. “उद्यापासून काचेच्या आत बसा,” म्हणाले.

आत बसायला लागले आणि पंधरा दिवसांत एक फोरमन दार ढकलून आले. पन्नाशीचे, कुरुळीचे, गावाकडून रोज सायकलीनं येणारे. खालच्या शॉपमध्ये, म्हणजे यंत्रांच्या मोठ्या शेडमध्ये, कुठल्या मशीनवर कुठलं काम लावायचं ते हेच ठरवत. त्यांच्या हातात माझी यादी होती; आता तिच्यात कुठला भाग कधी लावायचा तेही छापलं जायचं.

“ह्ये कुनी केलं?”

“मी.”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “बाई, तुमची यादी म्हनती सोमवारी शाफ्ट लावा. कास्टिंगच आलं न्हाई तर शाफ्ट लावून करू काय? आन् माझं डोकं काढून डब्यात भरायला आलाय व्हय तुमी? पोरं म्हनत्यात, मशीन आलं की मान्सं घरी.”

मी म्हटलं, “यादीला कास्टिंग आलं की नाही ते माहीतच नाही. तुम्ही कसं ठरवता ते मला सांगाल का?”

“सांगून कळत न्हाई. बघावं लागतं.”

“मग बघायला येते.”

त्यांना वाटलं मी येणार नाही. मी दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला खाली होते. शॉपमध्ये तेव्हा बाई दिसत नसे. यंत्रांवरची माणसं वळून बघायची, एकानं शिट्टीही घातली. फोरमननी तिकडे नुसतं पाहिलं, शिट्टी थांबली. तीन आठवडे मी रोज तासभर त्यांच्यामागे फिरले. ते बोलत आणि मी लिहून घेई. कास्टिंग, म्हणजे ओतून आलेला कच्चा भाग, आलं असेल तर हे, नसेल तर ते. अमक्या मशीनचा पट्टा सैल असेल तर जड काम त्यावर लावायचं नाही. नवा माणूस असेल तर पहिले दोन दिवस सोपं काम द्यायचं. त्यांच्या डोक्यात असे साठ-सत्तर नियम होते आणि ते दर आठवड्याला बदलायचे. त्यांना मी मामा म्हणू लागले, कधीपासून ते आठवत नाही. माझ्या डब्यातलं पिठलं ते न विचारता घेत.

नियम लिहून घेतले, पण अडचण वेगळीच होती. एक नियम बदलला की मला प्रोग्रॅम बदलावा लागे आणि त्यात दोन दिवस जात. तोवर नियम पुन्हा बदललेला. मामा म्हणाले, “तुमी माझ्या मागं पळताय, मी कामाच्या मागं पळतोय.”

तेव्हा मनात आलं, मामांनीच लिहिलं तर? यंत्राची भाषा त्यांनी शिकायची नाही. ते बोलतात ती भाषा यंत्रानं शिकायची. यंत्राला फक्त रोमन मोठी अक्षरं येत होती, तर त्या अक्षरांत मराठी लिहू. जर, तर, नाहीतर, आणि, किंवा, लाव, थांबव. असे पंचवीस-तीस शब्द. मामांना चौथीपर्यंतचं मराठी येत होतं आणि मशीनवरचे नंबर वाचून वाचून रोमन अक्षरंही ओळखीची झाली होती.

साहेबांना सांगितलं तर ते पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. “यंत्राला आठ हजार अक्षरं लक्षात राहतात. त्यात तुमची भाषा, ती समजून घेणारा प्रोग्रॅम, नियम, सगळं मावायला हवं. मावेल?”

“माहीत नाही.”

“मावलं तर ती मराठी बोलणारी पहिली यंत्रभाषा असेल,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “नाही मावलं तर कुणाला सांगू नका.”

मावायला सात महिने लागले. एक-एक अक्षर वाचवण्यासाठी मी काय काय केलं ते आठवलं की आज हसू येतं. ‘थांबव’ ऐवजी ‘थांब’ केलं, कारण तेवढीच दोन अक्षरं वाचत होती. मामा नियम कागदावर लिहून द्यायचे, पंचिंगच्या खोलीतली माझी मैत्रीण ते कार्डांवर उतरवायची आणि वाचताना म्हणायची, “अगं, हे तर मला समजतंय!” याआधी ती पाच वर्षं जे पंच करत आली होती त्यातलं अक्षरही तिला समजलं नव्हतं.

पहिले दोन महिने छान गेले. मग एका सोमवारी सकाळी खालून निरोप आला. ताबडतोब या.

मोठ्या मशीनांच्या रांगेपाशी आठ माणसं हात बांधून उभी होती. कास्टिंग वेळेवर आलेलं, ट्रॉलीत रचलेलं, आणि त्या मशीनांची कामाची यादी कोरी. मामांचा चेहरा काळवंडला होता. शेजारच्या शॉपमधला कुणी म्हणाला, “अजून चालवा मराठी मशीन!”

मी कार्डं मागवली. शुक्रवारी मामांनी नवा नियम लिहिला होता: जर कास्टिंग आलं नसेल तर, जर जुनी ऑर्डर शिल्लक असेल तर जुने शाफ्ट लाव, नाहीतर नेहमीचं काम लाव.

“हेच म्हणायचं होतं ना तुम्हाला?” मी विचारलं.

“व्हय. ह्येच. कास्टिंग न्हाई, तर जुनी ऑर्डर हाय का बघा. न्हाईतर, म्हंजी कास्टिंग आलं असंल, तर नेहमीचं काम.”

मी ती ओळ दोनदा वाचली. यात ‘जर’ दोन होते आणि ‘नाहीतर’ एक. मामांच्या मनात तो पहिल्या ‘जर’चा होता. माझ्या प्रोग्रॅमनं तो जवळच्या, म्हणजे दुसऱ्या ‘जर’ला जोडला होता. त्यामुळे कास्टिंग आलं नसेल तरच पुढचं काही पाहायचं, असा अर्थ झाला. आज कास्टिंग आलं होतं, म्हणून यंत्रानं काहीच सांगितलं नाही.

“मामा, चूक तुमची नाही, माझी आहे,” मी सगळ्यांसमोर म्हटलं. “तुमचं ‘नाहीतर’ कुणाचं, ते यंत्राला कळलं नाही.”

त्यांनी आधी हातानं लिहून माणसांना काम लावून दिलं. मग आम्ही दोघं लोखंडी बाकावर बसलो. मी कागदावर दोन्ही अर्थ काढून दाखवले. मामांनी दोन्हींवरून बोट फिरवलं.

“पर मी बोललो तवा तुमास्नी कसं कळलं?”

“तुम्ही मधे थांबलात. आणि हात असा बाजूला केलात.”

“मग तुमच्या कार्डाला थांबनं कळत न्हाई.”

“नाही ना.”

“तर थांबल्याचा शब्द द्या की त्येला,” ते म्हणाले. “आमी मान्साला काम सांगतो, ह्ये कर, त्ये कर, झालं. ‘झालं’ म्हनलं की त्येला कळतं की त्येवढं संपलं. आता पुढचं.”

मी तो शब्द कागदाच्या कडेला लिहून घेतला. आठ दिवस डोकं फोडून मी कंस घातले असते, नाहीतर आकडे. त्यांनी बसल्या बाकावर शब्द काढून दिला. प्रत्येक ‘जर’चा स्वतःचा ‘झालं’. तो आला की त्या ‘जर’चं दार बंद. नंतर येणारं ‘नाहीतर’ आपोआप बाहेरच्याचं.

साहेबांना वाटलं होतं माझी मान खाली असेल. मी धावत जिना चढून त्यांना ‘झालं’ सांगितलं. ते म्हणाले, “आठ माणसं तासभर बसून होती, आणि तुम्ही खूश आहात?”

“हो,” मी म्हटलं.

“लिहून काढा,” ते म्हणाले.

मी खालून आलेल्या तक्रारीचं उत्तर लिहायला बसले. त्यांनी कागद काढून घेतला. “तसं नाही. लेख लिहा. मुंबईला संगणकवाल्यांची परिषद आहे.”

मुंबईला मी आयुष्यात पहिल्यांदा व्यासपीठावर उभी राहिले. आईनं नेसवून दिलेली निळी साडी, समोर वीसेक माणसं, आणि माझं इंग्रजी अडखळत चाललेलं. मी मामांची ओळ फळ्यावर लिहिली, मराठीत, आणि तिचे दोन अर्थ सांगितले. शेवटी पुढच्या रांगेतले एक वयस्क प्राध्यापक उठले. त्यांनी विचारलं, “या विषयावरचं आधीचं काम तुम्ही वाचलंय का?”

“नाही.”

“ही अडचण परदेशात पंधरा वर्षांपूर्वीच लोकांना भेटली आहे. तिच्यावर बरंच लिहिलं गेलंय. शेवटचा शब्द घालायचा उपायही त्यात आहे.”

खाली बसले तेव्हा वाटलं, सरळ स्टेशनवर जावं. चहाच्या वेळी मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. ते प्राध्यापक कप घेऊन माझ्याजवळ आले. “तुम्ही रागावलात.”

“नाही सर. लाज वाटली. सात महिने फुकट गेले.”

“कसे फुकट? त्या लोकांनी ते खोलीत बसून, एकमेकांशी वाद घालून काढलं. तुम्हाला ते एका फोरमननं सांगितलं. तो शब्द त्याच्या तोंडात होता. मला तुमच्या त्या माणसाबद्दल आणखी ऐकायचं आहे.” मग त्यांनी माझ्या पायऱ्यांच्या यादीबद्दलही विचारलं आणि तिथं मात्र वहीत टिपून घेतलं. अ मध्ये ब, ब मध्ये क, क मध्ये अ हे शोधण्याची माझी रीत त्यांना नवी वाटली.

त्यानंतर दर महिन्या-दोन महिन्यांनी त्यांच्याकडून जाड पाकीट येऊ लागलं. त्यात लेखांच्या प्रती असायच्या. बसमध्ये चिंचवड ते देहूरोड मी त्या वाचायचे. निम्मं कळायचं नाही. पण जे कळायचं त्यात मला इतकी माणसं भेटली, ज्यांनी कधी ना कधी माझ्यासारख्याच खड्ड्यात पाय घातला होता, की एकटेपण गेलं. पुढे त्या प्राध्यापकांच्याच आग्रहानं मी नोकरी सांभाळून पुढची पदवी घेतली. त्या यादीवरचं माझं काम दोन ठिकाणी छापून आलं. पुण्यातल्या दुसऱ्या दोन कारखान्यांनी ती पद्धत उचलली. साहेबांनी ते ऐकून एवढंच विचारलं, “आणि त्यांचे आकडे दुप्पट आले का?”

मामा निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या शॉपमधले पाच फोरमन माझ्या भाषेत नियम लिहीत होते. माणसं घरी गेली नव्हती. निरोपाच्या दिवशी मामांनी हारतुऱ्यांच्या टेबलावरून सांगितलं, “डोकं डब्यात गेलं न्हाई. डब्यानं निम्मं वझं घेतलं.” आणि खाली बसताना मला म्हणाले, “बाई, कुरुळीला या एकदा. सुनंनं मशीन घेतलंय, शिलाईचं. तिला बी काय तरी शिकवा.” मी गेले. शिलाईचं मशीन तिला माझ्यापेक्षा जास्त येत होतं.

ऐंशी सालानंतर आमचं भाड्याचं यंत्र थकलं. सुटे भाग मिळेनात. कंपनीनं नवा कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं, देशातच बनलेला, कपाटाऐवजी टेबलाएवढा. त्याला कार्डं लागत नव्हती. पडदा आणि कळफलक, बस्स. मोठ्या मीटिंगमध्ये बाहेरून आलेल्या सल्लागारांनी सांगितलं, की बाजारात तयार प्रोग्रॅम मिळतात, घरगुती भाषेचे लाड आता पुरे. माझ्या जुन्या साहेबांच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. ते म्हणाले, “तीन महिने द्या. भाषा नव्या यंत्रावर चालली नाही तर मीच ती फाईल बंद करून जाईन.”

पण मला भाषेपेक्षा दुसरीच चिंता होती. कार्डं गेली की पंचिंगची खोलीही जाणार होती. तिथं अजून सहा जणी होत्या. कुणाच्या नवऱ्याला कामावरून काढलेलं, कुणाची मुलं कॉलेजात. माझी मैत्रीण म्हणाली, “आपण चाळिशीला टेकलो गं. आता आपल्याला कोण नवीन काही शिकवणार?”

मी म्हटलं, “तुला शिकवायचं काय आहे? दहा वर्षं तू हे शब्द पंच करतेस.”

“हो की,” ती म्हणाली.

ते तीन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात धावपळीचे आणि सगळ्यात आनंदाचे. सकाळी मी नव्या यंत्रासाठी भाषेचा गाभा लिहायचे. या वेळी अक्षरं वाचवायची गरज नव्हती आणि मधल्या काळात वाचलेलं सगळं हाताशी होतं. जे जुन्या यंत्रावर सात महिन्यांत कसंबसं बसवलं होतं, ते पाच आठवड्यांत नीट उभं राहिलं. दुपारी त्या सहा जणींना घेऊन बसायचे. कळफलक त्यांच्या बोटांत होताच. शब्द डोळ्यांत होते. फक्त ‘का’ विचारायची सवय नव्हती. कुणी त्यांना कधी विचारू दिलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात एकीनं पहिल्यांदा हात वर करून विचारलं, “पण इथं ‘किंवा’ का? ‘आणि’ का नाही?” आणि मी खडू ठेवून खुर्चीवर बसले, इतकं बरं वाटलं.

सहापैकी दोघींना ते जमलं नाही. त्यांना स्टोअरच्या ऑफिसात घेतलं. चौघींना प्लॅनिंगमध्ये जागा मिळाली, प्रत्येकीला एक शॉप आणि तिथंच एक पडदा-कळफलक. साहेब जायच्या आठवड्यात सल्लागारांसमोर दोन्ही प्रोग्रॅम चालवून दाखवले. बाजारातला प्रोग्रॅम चांगला होता, मी तसं म्हटलंही. पण त्यात नियम बदलायचा तर पत्र लिहून परगावच्या माणसाला बोलवावं लागणार होतं. आमच्याकडे फोरमन बोलत होता आणि माझी मैत्रीण टाईप करत होती. साहेबांनी फाईल बंद केली नाही. जाताना माझ्या टेबलावर त्यांनी आपली माहितीपुस्तिका ठेवली, नव्या यंत्राची. पहिल्या पानावर पेन्सिलीनं तीन चुका काढून ठेवल्या होत्या.

नव्या यंत्रावरचा पहिला सोमवार. सकाळी आठला खालच्या शॉपमधून फोन आला, की यादीत घोळ आहे, मॅडमना पाठवा. मी पदर खोचून जिना उतरू लागले. अर्ध्यावर आले तर खालून मैत्रिणीचा आवाज ऐकू आला.

“भाऊ, घोळ यादीत नाही. तुम्ही काल मला सांगताना मशीन बंद आहे म्हणालात. सबंध दिवस बंद की पहिली शिफ्ट?”

“पहिली शिफ्ट, ताई.”

“मग तसं सांगायचं ना. थांबा, दोन मिनिटं.”

मग कळफलकाचा आवाज आला, जलद, एका लयीत. मी जिन्यातूनच मागे वळले. वर टेबलावर पुढच्या महिन्याचं काम पडलं होतं, ते करायला बसले.